अकरा बाटल्या आणि बोअरचं पाणी: कुरळ्या केसांचं एक प्रकरण

मी नाशिकच्या इंदिरानगरला चौदा वर्षं पार्लर चालवते. खाली लिहिलंय ते एका क्लायंटचं प्रकरण आहे, तिला विचारूनच लिहितेय, नाव बदललंय आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टीही बदलल्यात. तिला आपण सई म्हणू. यात मधे माझीही एक चूक आहे, ती पण लिहिली आहे, कारण तीन आठवडे त्या चुकीमुळेच वाया गेले.

पार्श्वभूमी

सई २७ वर्षांची, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. माहेर पंचवटीत, सासर पाथर्डी फाट्याच्या पुढच्या एका नवीन सोसायटीत. केस लहानपणापासून कुरळे, दाट आणि एकेक केस जाड. शाळेत असताना आई रविवारी न्हाऊ घालायची, तेल चोपडायची आणि दोन वेण्या इतक्या घट्ट घालायची की शनिवारपर्यंत हलायच्या नाहीत. "ताई, दहावीपर्यंत वर्गात कुणाला माहितीच नव्हतं की माझे केस कुरळे आहेत," असं ती हसत हसत म्हणाली, पण मला ते हसण्यासारखं वाटलं नाही, कारण अशा मुली माझ्याकडे दर आठवड्याला येतात, केस कुरळे आहेत हे घरात कुणी मान्यच केलेलं नसतं, "राठ आहेत" एवढंच सांगितलेलं असतं.

डिसेंबरात लग्न होतं म्हणून नोव्हेंबरात तिने एका सलूनमध्ये (माझं नाही, आणि नाव लिहिणार नाही) स्मूदनिंग करून घेतलं. कारण काय सांगितलं तर कुरळ्या केसांवर अंबाडा नीट बसत नाही. हे साफ उलटं आहे बरं का, सरळ गुळगुळीत केसांवरून पिना घसरतात म्हणून आम्ही नवरीच्या केसांना आधी कर्ल करून घेतो आणि मग अंबाडा बांधतो. असो, तेव्हा ती माझ्याकडे येत नव्हती.

इथे एक फरक सांगते कारण लोक सर्रास गल्लत करतात. केराटिन म्हणतात ते बहुतेक वेळा वरून बसणारं कोटिंग असतं, काही महिन्यांत धुऊन जातं. स्मूदनिंगच्या क्रीमने केसाच्या आतले बंध तोडून केस सरळ करून परत जोडतात, ते कायमचं असतं, तो केस मरेपर्यंत सरळच राहणार. मुळातून नवीन येणारा मात्र कुरळाच येणार, आणि केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो.

अडचण नेमकी काय होती

सई माझ्याकडे आली पुढच्याच्या पुढच्या जानेवारीत, म्हणजे स्मूदनिंगला १४ महिने झाल्यावर. हातात कापडी पिशवी, ती टेबलावर उपडी केली तर अकरा बाटल्या आणि डबे. सल्फेट-फ्री (म्हणजे जोरदार फेस करणारं सल्फेट नसलेले) शाम्पू तीन, त्यातले दोन वेगवेगळ्या कंपनीचे पण मागचं लेबल वाचलं तर पहिली पाच नावं तीच आणि त्याच क्रमाने. कर्ल क्रीम दोन, कांद्याचं तेल एक, राइस वॉटरचं काहीतरी, एक सीरम, एक मास्क, बायोटिनच्या गोळ्या, आणि नळाला लावायचा शॉवर फिल्टर, तोही खोक्यासकट. सगळे मिळून ९ हजारांच्या वर गेले होते. प्रत्येक गोष्ट तिने दोनतीन आठवडे वापरली, फरक नाही म्हणून पुढची आणली.

केस हातात घेतले तर वरचे पाचएक इंच कुरळे आणि खाली एकदम सरळसोट, झाडूच्या काड्यांसारखे. जिथे कुरळा संपून सरळ सुरू होतो तिथे गाठी, तिथेच कंगवा अडकतो आणि तिथेच केस तुटतो, कारण एकाच केसाचे दोन स्वभाव झालेत. पण मला खटकलं ते वेगळंच. बेसिनला घेऊन पाणी टाकलं तर केस भिजायलाच तयार नाहीत, पाणी वरून ओघळून जातंय, आणि शाम्पू लावला तर फेस नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा कुठे थोडा आला. धुऊन झाल्यावर बोटांना मेणचट लागत होते, मेणबत्ती हाताळल्यावर लागतं तसं.

आणि तिची मुख्य तक्रार होती गळण्याची. आदल्या सप्टेंबरात तिला डेंग्यू झाला होता हे मी विचारल्यावर बोलता बोलता निघालं, तिला त्याचा केसांशी संबंध असेल असं वाटलंच नव्हतं. केस पुंजक्याने जायला लागले नोव्हेंबरच्या शेवटी.

मी बेसिनच्या जाळीत अडकलेले केस काढून पांढऱ्या टॉवेलवर पसरले. हे मी आता प्रत्येकीचं करते, तेव्हा करायचे नाही. लांब केसांच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसतो, मोहरीच्याही पावपट, तो असला तर केस मुळातून सुटलाय. ठिपका नसला आणि केस आखूड असला तर तो मधेच तुटलाय. सईचे दोन्ही निघाले, निम्मे निम्मे. म्हणजे दोन वेगळी दुखणी, आणि ती दोन्हींसाठी शाम्पू बदलत होती.

काय काय पर्याय होते

पहिला पर्याय ती घेऊनच आली होती, परत स्मूदनिंग. वरचे पण सरळ करा म्हणजे भांडणच मिटलं. तुटणाऱ्या केसावर पुन्हा तेच केमिकल म्हणजे सरळ तुकडेच पडणार होते. तिला कुणीतरी "फॉर्मल्डिहाइड-फ्री" (म्हणजे तो घातक वायू नसलेली) ट्रीटमेंट पण सुचवली होती. अशा बऱ्याच ट्रीटमेंटमध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं, ते केस सरळ करायच्या आयर्नच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड सोडतं, आणि त्यानंतर किडनीला त्रास झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी जर्नलमध्ये छापल्यात. मी तीन वर्षांपूर्वीच ते करणं बंद केलं, धंदा गेला थोडा, पण त्या धुराने माझेच डोळे चुरचुरायचे.

दुसरा, सरळ भाग एकदम कापून टाकायचा. माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उपाय. पण नवीन लग्न, सासूबाई, येणारी जाणारी माणसं, हनुवटीपर्यंत केस म्हणजे तिला रडूच आलं. मी आग्रह केला नाही.

तिसरा, डॉक्टर. मुळातून गळणारे केस हे पार्लरचं काम नाही हे मी स्पष्ट सांगितलं, पण लगेच पाठवलं नाही.

चौथा, आणखी चांगलं प्रॉडक्ट. म्हणजे बारावी बाटली. खरं सांगायचं तर मी पण तिथेच गेले.

माझी चूक

जाड, राठ, तुटतोय म्हणजे प्रोटीन कमी पडलंय असं धरून मी तिला प्रोटीनवाला हेअर स्पा दिला आणि घरी वापरायला प्रोटीनचाच मास्क दिला. आठ दिवसांनी फोन, "ताई, केस केरसुणी झालेत." खरंच झाले होते, वाकवला तर कट्ट असा मोडत होता. वर आधीच कसला तरी थर बसलेला, त्यावर मी आणखी एक थर चढवला. पैसे परत केले. पण पुढे काय ते मलाही सुचेना.

पाणी

सुचलं ते तिच्या एका वाक्यावरून. म्हणाली दिवाळीत माहेरी आठ दिवस होते तेव्हा केस बरे होते, तोच शाम्पू नेला होता, आई म्हणाली माहेरचं पाणी मानवतं पोरीला. आम्ही दोघी हसलो आणि मग मी म्हटलं थांब, शब्दशः पाणीच असेल तर?

पंचवटीत महापालिकेचं पाणी, गंगापूर धरणातून येणारं. तिच्या सोसायटीत वापरायला बोअर, आणि उन्हाळ्यात टँकर, तो पण कुठल्यातरी बोअरचाच. आपल्याकडे खाली सगळा काळा कातळ, त्यातून मुरून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. तेच गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर पांढरं साचतं, ते केसांवर साचणार नाही का?

मी तिला घरच्या नळाचं पाणी एका बाटलीत आणायला सांगितलं. दोन सारख्या सरबताच्या बाटल्या घेतल्या, एकीत माझ्या पार्लरचं महापालिकेचं पाणी, दुसरीत तिचं, दोन्ही अर्ध्या. अंगाच्या साबणाचा कीस किसणीवर काढून चिमूट चिमूट टाकला आणि दोन्ही हलवल्या. माझ्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस. तिच्या बाटलीत पाणी ताकासारखं पांढुरकं झालं, फेस नाहीच, आणि दोन मिनिटांत वर दह्याच्या कवडीसारखे कण तरंगायला लागले. ती बराच वेळ बाटली उजेडाकडे धरून बघत बसली. "हे माझ्या डोक्यावर आहे?" एवढंच म्हणाली.

घरी गेल्यावर नवरा म्हणाला असं काही नाही, माझ्याकडे टीडीएस मीटर आहे, रीडिंग ठीक येतं. इथे बरेच जण फसतात, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, त्यातला कठीणपणा किती ते मीटर सांगत नाही. मग सोसायटीच्या सेक्रेटरींकडून जुना लॅब रिपोर्ट मिळवला, टोटल हार्डनेस लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर होता. सेक्रेटरी म्हणाले पाणी पास आहे. आणि ते खोटं बोलत नव्हते, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं धरतात आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ते मानक पिण्याचं, केसांचं नाही. आणि तो शॉवर फिल्टर? तसले फिल्टर गाळ आणि थोडंफार क्लोरीन अडवतात, क्षार त्यातून आरपार जातात. क्षार काढायचे तर मिठावर चालणारा सॉफ्टनर लागतो, तो अख्ख्या बिल्डिंगच्या टाकीला बसवावा लागला असता.

आता मागे वळून बघितलं की सगळं जुळतं. नोव्हेंबरात स्मूदनिंग, डिसेंबरात लग्न आणि त्याबरोबर पाणी बदललं, पुढच्या सप्टेंबरात डेंग्यू. तीन वेगळी कारणं एका वर्षात एकावर एक येऊन बसली आणि शिव्या मात्र शाम्पू खात होता. त्यात तिने कर्ली गर्ल मेथड ही कुरळ्या केसांसाठीची पद्धत वाचून सल्फेट पूर्ण बंद केलेलं, मधे महिनाभर तर शाम्पूच नाही, नुसत्या कंडिशनरने धुवायचं. ही पद्धत वाईट नाही, गोड्या पाण्याच्या गावात उत्तम चालते, पण जड पाण्यात थरावर थर चढत राहतो.

केलं काय

या वेळी मी ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तीन वॉश झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. सईला धीर नव्हता, पण अकरा बाटल्यांचा अनुभव असल्यामुळे ऐकलं.

सुरुवात क्षार काढण्यापासून. यासाठी किलेटिंग शाम्पू लागतो, लेबलवर इडीटीए किंवा फायटिक ॲसिड असं काहीतरी असतं. नुसतं इडीटीए दिसलं म्हणून घेऊ नका, बहुतेक शाम्पूंत ते टिकाऊपणासाठी शेवटी चिमूटभर असतंच, बाटलीवर हार्ड वॉटरसाठी असं स्पष्ट लिहिलेलं बघा. पहिला वॉश मी पार्लरमध्ये केला, पाच मिनिटं ठेवून. धुताना बोटांखाली कुरकुर आवाज आला, मेणचटपणा गेला, आणि पाणी टाकल्याबरोबर केस भिजले. हा वॉश दर दहा-बारा दिवसांनी, एरवी साधा सौम्य शाम्पू. सल्फेटबद्दल माझं मत असं की रोजच्याला नको, पण कधीतरी लागतं तेव्हा लागतं, त्याला विष म्हणायची गरज नाही. केसांवर गुळगुळीत थर देणाऱ्या सिलिकॉनचं पण तसंच.

मग शेवटचं धुणं. केस धुवायला बोअरचं पाणी, पण सगळ्यात शेवटी दोन तांबे आरओचं पाणी आणि त्यात चमचाभर व्हिनेगर. सासूबाईंना पिण्याचं पाणी डोक्यावर ओतणं पटलं नाही, आणि त्यांचं चूक नव्हतं, म्हणून ते आठवड्यातून दोनदाच. एक घोटाळा झाला, पाणी वाया जाऊ नये म्हणून तिने एकदा आरओच्या वेस्ट पाइपचं पाणी वापरलं. अहो, त्यात तर नळापेक्षा जास्त क्षार असतात, आरओने जे काढलं ते तिथेच जातं ना. ते पाणी फरशीला.

तिसरं कंडिशनर. महागडं नाही, किराणात मिळतं तेच, फक्त भरपूर आणि बेसिनमध्येच मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर सोडवत जायचं. कोरड्या केसांना कंगवा बंद. टॉवेलऐवजी नवऱ्याचा जुना सुती टी-शर्ट.

तेल ठेवलं, पण न्हायच्या आधी दीड-दोन तास, साधं खोबरेल. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात खोबरेल केसाच्या आत शिरून प्रोटीन कमी जाऊ देतं आणि मिनरल ऑइल तसं करत नाही असं दिसलं होतं. म्हणजे आज्जीचं बरोबर, फक्त तेलाच्या वेण्या सहा दिवस ठेवायचं सोडून.

दरम्यान त्वचारोग तज्ज्ञांकडे जाऊन आली. त्यांनी सांगितलं की मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनी असे केस जातात आणि बहुतेक वेळा सहाएक महिन्यांत आपोआप थांबतं, त्याला शाम्पूचं औषध नाही. रक्त तपासलं, लोह कमी निघालं, गोळ्या दिल्या. बायोटिन बंद करायला सांगितलं.

खालचा सरळ भाग दर दीड महिन्याला दोन इंच कापत गेलो. मे महिन्यात ती स्वतःच म्हणाली, "ताई, उरलेलं घ्या काढून आता." तोवर वरचे केस बरेच वाढले होते, ओले असताना मानेखाली येत होते, वाळल्यावर आकसून कानाच्या खाली. सासूबाईंनी आठ दिवस काही म्हटलं नाही, नवव्या दिवशी म्हणाल्या छान दिसतंय की.

पावसाळा आणि जवस

जुलैत परत फोन. केस फुगून पिंजारलेल्या कापसासारखे. इथे पाणी नाही तर हवा. तिच्या लीव्ह-इनमध्ये (न धुता केसांतच ठेवायच्या क्रीममध्ये) पाण्यानंतर दुसरंच नाव ग्लिसरीन होतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि नाशिकच्या पावसाळ्यात हवेत ओलावाच ओलावा. ते बंद करून जवसाचं जेल सुरू केलं. रविवार कारंजावरून पाव किलो जवस, त्यातले दोन मोठे चमचे दोन कप पाण्यात, मंद आचेवर ढवळत राहायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच गॅस बंद. थंड होऊ दिलंत तर जन्मात गाळलं जाणार नाही, गरम असतानाच जुन्या ओढणीच्या तुकड्यातून पिळायचं. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, वास आला की फेकायचं. वाटीवर नाव लिहा, सासरेबुवांनी एकदा खीर समजून चमचा घातला होता.

ओल्या केसांना ते लावून मुठीत दाबत वर न्यायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. ऑफिसला ॲक्टिव्हावरून जाते म्हणून हेल्मेटखाली सुती स्कार्फच्या आत सॅटिनचा तुकडा शिवून दिला, घासणं कमी झालं. तिने मला विचारलं माझे केस 3बी की 3ए, ओप्रा विन्फ्रेच्या हेअरस्टायलिस्टने, आंद्रे वॉकरने पाडलेले कुरळेपणाचे ते प्रकार. मी म्हटलं मागे 3बी, पुढे 3ए आणि कानाजवळ दोन्ही नाही, डोकं एक असलं तरी केस एक नसतात, त्या आकड्यावरून बाटली घेऊ नकोस.

निकाल

मुळातून गळणं एप्रिलच्या सुमारास थांबलं. जानेवारीत भांगाजवळ टाळू दिसायची तिथे आता बोटभर लांबीचे नवे केस उभे राहतात, ते बसत नाहीत ही आता नवी तक्रार. तुटणं जवळजवळ बंद. बाटल्या अकराच्या चार झाल्या, साधा शाम्पू, किलेटिंग शाम्पू, कंडिशनर, खोबरेल, आणि जवस घरचं.

सगळं सुटलेलं नाही. टँकरच्या महिन्यात केस लगेच जड होतात, तेव्हा किलेटिंग वॉश आठवड्याला करावा लागतो आणि मग टोकं कोरडी पडतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सॉफ्टनरचा विषय दोनदा निघाला, कोटेशन आलं, खर्चावरून वाद झाला आणि विषय पुढच्या मीटिंगवर गेला. तो मिनिट्समध्ये आहे म्हणे.

पुन्हा केलं तर वेगळं काय

पहिल्या दिवशी बाटल्या बघायच्या आधी तीन प्रश्न विचारले असते: घर कधी बदललं, पाणी कुठलं, आणि गेल्या सहा महिन्यांत मोठं आजारपण झालं का. हे आता माझ्या वहीत प्रत्येक नवीन क्लायंटच्या नावापुढे लिहिते. प्रोटीन स्पा दिलाच नसता, निदान आधी किलेटिंग करून केस उघडे करून बघितले असते. डॉक्टरकडे पहिल्याच दिवशी पाठवलं असतं, मी ते तीन आठवड्यांनी केलं.

कापण्याबद्दल मात्र मला अजून नक्की नाही. जानेवारीतच कापले असते तर पाच महिन्यांचा गुंता वाचला असता, पण तेव्हा ती तयार नव्हती आणि जबरदस्तीने कापलेल्या केसांना बायका पार्लरवाल्याला आयुष्यभर माफ करत नाहीत, हे मी बघितलंय.

सईच्या नणंदेचं लग्न ठरलंय, मार्गशीर्षात. तिचेही केस कुरळे, तिला स्मूदनिंग हवंय. गेल्या शनिवारी दोघी आल्या होत्या. सईने पर्समधून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, हिच्या होणाऱ्या सासरचं आहे, सिन्नरचं. साबण आहे ना तुमच्याकडे?"